धारेपलीकडचे चार ठिपके

दाजी, तुमच्या दहाव्याला मी माईकवर खोटं बोललो.

शब्द तसे खोटे नव्हते. पिंपळवंडीला नदीकाठी मंडप होता, महाराजांचं प्रवचन संपलं होतं आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली होती. पतसंस्थेचे चेअरमन बोलले. दोन्ही पक्षांची माणसं बोलली, त्यांतल्या एकानं तुमचं नावही चुकवलं. मग निवेदकानं मला पुकारलं, "त्यांचे मेव्हणे, विमानाच्या रडारवरचे साहेब." मी उठलो. दाजी कर्तव्यदक्ष वायरमन होते, त्यांनी ऊन-पाऊस पाहिला नाही, घाटघरच्या शेवटच्या घरातला दिवा त्यांच्यामुळे लागला, असं सगळं बोललो. दोन मिनिटं. लोकांनी माना डोलावल्या. बाहेर चपला शोधत असताना तुमच्या लाइनवरचा म्हातारा सोबती जवळ आला आणि म्हणाला, "सायेब, एक इसरलात. इमान दाजींनी शोधलं व्हतं. त्याचं काय बोलला न्हाई."

मी म्हणालो, "वेळ कमी होता."

वेळ कमी नव्हता, दाजी. अकरा वर्षं होती.

तुम्हाला आठवतं, मी पहिल्यांदा घाटघरला आलो तो दिवस? अक्काच्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. ती पिंपळवंडीला आणि तुम्ही आठवडाभर डोंगरात. मी नुकताच रडारच्या देखभालीच्या नोकरीला लागलो होतो. अवसरीला आमच्या घरात मी नेमकं काय करतो ते कुणालाच सांगता यायचं नाही. आई पाहुण्यांना सांगायची, "ह्यो इमानाचे दिवे बगतो." कुणी खोलात विचारत नसे. विचारलंत ते तुम्ही.

"मंजी पावणं, इमान तुमाला दिसतंय का?"

"दिसत नाही, दाजी. आपण लहर सोडायची. ती विमानावर आपटून परत येते. किती वेळानं आली त्यावरून अंतर कळतं."

तुम्ही विडी कानामागे खोचलीत, जीवधनच्या कड्याकडे तोंड केलंत आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलात, "ओ पावणं!" कड्यानं तुमचा शब्द परत केला.

"हात्तिच्या. आलं की. येवड्यासाठी सरकार तुमाला पगार देतंय?"

मग मी तुम्हाला खुळ्यासारखं सगळं समजावत बसलो. लहान विमानाचा प्रतिध्वनी किती बारीक असतो, आणि डोंगराचा किती मोठा. म्हणून जे हलत नाही ते सगळं पडद्यावरून पुसून टाकावं लागतं, नाहीतर विमान त्या गर्दीत हरवतं. तुम्ही आपल्या डोंगरांकडे बघितलंत.

"मंजी ह्यो जीवधन, नाणेघाट, आमी समदे, पुसलेले?"

"पडद्यावरून."

"बरं झालं. लई जागा मोकळी झाली आसंल."

हसून झाल्यावर मी दुसऱ्या रडारचं सांगितलं. ते नुसती लहर आपटवत नाही, प्रश्न विचारतं. विमानात ट्रान्सपॉन्डर नावाचं एक लहान यंत्र बसवलेलं असतं. त्याला प्रश्न ऐकू आला की ते आपला चार आकडी नंबर आणि उंची सांगतं. हे ऐकून तुम्ही गंभीर झालात. "हे मातर खरं काम," म्हणालात. "हे आमच्या लायनीसारखं हाय."

लाइन चालू करण्याआधीची तुमची पद्धत तेव्हा मला कळली. डोंगरात माणसं खांबाखांबावर, एकमेकांना न दिसणारी. प्रत्येकानं खाली उतरून स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव आणि खांबाचा नंबर ओरडायचा. सगळी नावं आल्याशिवाय तुम्ही कुणालाही स्विचला हात लावू देत नव्हता. पूर्वी कधीतरी एका हेल्परनं, "तो बी उतरला," असं दुसऱ्याचं सांगून टाकलं होतं. तो उतरला नव्हता. त्याचा उजवा हात खांद्यापासून गेला. तेव्हापासून हा तुमचा नेम.

"आन समजा उत्तर आलंच न्हाई तर?" तुम्ही विचारलंत.

मी अभिमानानं सांगितलं. विमान वळताना कलतं, त्याच्या पोटाखालचा अँटेना झाकला जातो, डोंगर आड येतो, मग एखादं-दुसरं उत्तर हुकतं. अशा वेळी यंत्र सांभाळून घेतं. मागच्या वेगावरून हिशोब करतं आणि ठिपका त्याच दिशेनं सरळ पुढे ढकलतं. रडार गोल फिरतं, त्याच्या चार फेऱ्यांपर्यंत. तेवढ्यात उत्तर आलं तर ठीक, नाहीतर ठिपका जातो.

"मंजी चार येळा खोटं सांगतं."

"खोटं नाही, दाजी. अंदाज."

"इमानवाला गप हाय, आन तुमचं यंतर त्याच्या वतीनं वरडतंय, मी हाय, मी हाय. ह्ये लई वाईट, पावणं. त्याच्यापरीस ठिपका गेलेला बरा."

"असं केलं तर पडदा सारखा लुकलुकत राहील. माणसं दचकतील."

"दचकू द्या की!"

तो वाद तिथे सुटला नाही. पुढे कुठल्याही जेवणात तुम्ही मला वाढता वाढता विचारायचात, "पावणं, पोटभर जेवला ना? का तुमचं यंतर तुमच्या वतीनं जेवलं?" अक्का तुम्हाला रागवायची आणि पदराआड हसायची.

शतक संपायला दोन-तीन वर्षं उरली होती. श्रावण होता. विमान चालवायला शिकणारा एक बावीस वर्षांचा मुलगा एकट्यानं उत्तरेकडून दक्षिणेकडे येत होता, आणि ढग चुकवता चुकवता पश्चिमेला डोंगरांवर सरकला. त्या वेळी लहान विमानात ट्रान्सपॉन्डर असेलच असं नव्हतं. याच्या विमानात होता. दुपारी रेडिओवरचा त्याचा आवाज बंद झाला आणि थोड्या वेळानं पडद्यावरचा ठिपका गेला. त्याच्याशी बोलण्याचं काम माझं नव्हतं. यंत्र नीट ठेवण्याचं माझं. पण नोंदीचा कागद छापून काढायचं मलाच येत होतं. साहेब म्हणाले, "शेवटची जागा काढा, लगेच." मी छापील कागदाची सगळ्यात खालची ओळ घेतली आणि तिच्यातले आकडे लिहून दिले. नकाशावर ती जागा डोंगराच्या धारेपलीकडे, आंबेगावच्या बाजूला, डिंभे धरणाच्या वरच्या रानात पडली. दिशा सरळ दक्षिणेची. पोलीस, जंगल खात्याची माणसं, गावकरी, सगळे तिकडे गेले. ढग एवढे खाली होते की हेलिकॉप्टरचा उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. तुम्ही ऑफिसात कधी फोन करत नव्हता. घाटघरला तेव्हा फोन नव्हता, तुम्ही पावसात आपटाळ्यापर्यंत खाली आला होतात.

"पावणं, ते इमान आमच्याकडं हाय."

"कुणी पाहिलं?"

"पाह्यलं न्हाई. ढग व्हतं. काल दुपारी मी खांबावर व्हतो. आवाज दक्षिणेकडं गेला, बारीक झाला, आन परत मोठा झाला. वळलं ते. जीवधनच्या मागल्या अंगाला गेलं आन बंद झालं."

"आदळल्याचा आवाज आला?"

"न्हाई. नुस्तं बंद."

"मग डोंगराआड गेलं असेल, दाजी. माझ्याकडं कागद आहे. धारेपलीकडं गेलेलं दिसलंय."

तुम्ही विचारलंत, "तवा उत्तर देत व्हतं का?"

कागद माझ्या टेबलावर, हाताच्या अंतरावर होता. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रकाना असतो. खरं उत्तर आलं असेल तर तिथे खूण, यंत्रानं नुसता ठिपका ढकलला असेल तर रकाना कोरा. ते वाचायला दहा सेकंदं लागतात. मी मान वळवून पाहिलं नाही. म्हणालो, "हो, देत होतं." आणि वर हेही म्हणालो, "तुम्ही पोलीसपाटलाला वगैरे सांगू नका. माणसं आधीच कमी आहेत, उगीच इकडची तिकडं होतील."

"बरं," म्हणालात. "तुमी शिकलेले."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. खांबावरच्या सख्ख्या सोबत्याचा शब्द तुम्ही त्याच्याच तोंडून आल्याशिवाय मानत नव्हता, आणि माझा मानलात. मी अक्काचा भाऊ होतो. तुम्ही अख्ख्या पिंपळवंडीत माझं कौतुक सांगत फिरायचात.

तो दिवस तुम्ही थांबलात. तिसऱ्या दिवशी पहाटे कुणाला न सांगता एकटेच वर गेलात, आणि कारवीच्या उतारावर ते विमान तुम्हाला सापडलं. पोलिसांना सांगितलंत, लाइन तपासायला गेलो होतो, दिसलं. मी फोनवर काय बोललो त्याबद्दल एक अक्षर नाही.

निरोप आला त्या संध्याकाळी मी तो कागद नीट वाचला. खालच्या चार ओळींचा रकाना कोरा होता. खालून पाचव्या ओळीत खूण होती, आणि ती जागा धारेच्या अलीकडे, तुमच्या बाजूला होती. उंची भराभर कमी होत चालली होती. म्हणजे त्यानंतर तो वळला, त्याची उत्तरं डोंगराआड गेली, आणि माझ्या यंत्रानं त्याला सरळ धार ओलांडून आंबेगावात नेऊन सोडलं. तिथे तो कधी नव्हताच.

मी कागदाची घडी घालून घरी नेली. चौकशी झाली. हवामान वाईट होतं आणि मुलगा नवखा होता, असं ठरलं. दोन्ही खरंच होतं. त्या चार ओळींबद्दल मला कुणी विचारलं नाही, आणि दाजी, मला सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

सुटलो मात्र नाही. आजही कामावर एखाद्या लहान विमानाचं उत्तर हुकतं, ठिपक्याची खूण बदलते, तो सरळ पुढे सरकतो आणि मी हातातलं काम टाकून बघत राहतो. बहुतेक वेळा पुढच्या फेरीला उत्तर येतं. पण ते विमान माझ्या डोक्यात कधी थांबलंच नाही. धार ओलांडून ते डिंभ्यावरून येतं, घोडेगावावरून, मंचरावरून, अवसरीच्या आमच्या घरावरून जातं, एका सरळ रेषेत, आवाज न करता. आत कुणी नसतं. भर दुपारी शेतात उभा असलो तरी मी वर बघतो. बायको विचारते, काय बघताय? मी म्हणतो, पाऊस येईल का ते.

तुम्ही माझ्याशी बोलायला आलात, हे मला ठाऊक आहे. पहिल्यांदा आमच्या यात्रेत. बैलगाडे सुटत होते, भोंग्यावर आरडाओरडा चालला होता, आणि तुम्ही माझ्या कोपराला धरलंत. "पावणं, जरा त्या बाभळीखाली येता का? त्या पोराचं बोलायचं हाय." मी म्हणालो, "आज यात्रेत कशाला, दाजी?" आणि गर्दीत घुसलो. दुसऱ्यांदा तुमच्या शेतात, कांदा साठवणीच्या बराखीत भरताना. तुम्ही पाटी खाली ठेवलीत, घाम पुसलात, "आवो, त्या दिशी वर," एवढंच म्हणालात आणि मी कांद्याच्या बाजाराचं काढलं. इतकं बोललो की तुम्ही पाटी परत डोक्यावर घेतलीत.

आणि तिसऱ्यांदा मंचरच्या दवाखान्यात, गेल्या महिन्यात. फुप्फुसं थकली होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. अक्का चहा आणायला खाली गेली होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मास्क बाजूला केलात. "पावणं..." मी तो परत बसवला. "सिस्टर ओरडतील, दाजी." तुम्ही पुन्हा हात नेलात. मी तुमचा हात धरून खाली ठेवला. हळूच ठेवला, प्रेमानं ठेवल्यासारखा. तुम्ही मला जाब विचारणार, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी मी संगमनेरला गेलो. त्या मुलाच्या वडलांचा पत्ता मी चौकशीच्या वेळीच उतरवून ठेवला होता. ते निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. मी घडी उलगडून कागद टेबलावर ठेवला आणि फोनसकट सगळं सांगितलं. त्यांनी खालच्या चार ओळींवरून बोट फिरवलं.

"म्हणजे या चार जागी तो नव्हताच?"

"नव्हता."

"आणि आम्ही त्याच्या आईला घेऊन डिंभ्याला उभे होतो. तीन दिवस."

ते ओरडतील अशी मी वाट बघत होतो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मला एकच सांगा. आदळल्यावर तो लगेच गेला का? कागदपत्रांत नुसतं 'मृतावस्थेत आढळला' असं होतं."

"मला माहीत नाही."

"ज्यांना सापडला त्यांना माहीत असेल. त्यांना भेटता येईल?"

"ते बारा दिवसांपूर्वी गेले."

"बारा दिवस," ते म्हणाले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मी तिथून थेट पिंपळवंडीला आलो. अक्का ओट्यावर एकटीच तांदूळ निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच विचारलं, "अक्का, त्या विमानातल्या मुलाबद्दल दाजी तुला काही बोलले होते?"

तिचा हात थांबला. "आज इचारतोस व्हय रं?"

"सांग."

"जिता व्हता तो, भाऊ. ह्ये पोचले तवा जिता व्हता. कमरंखालून हालत न्हवता. ह्यांनी बाटलीच्या टोपनानं पानी पाजलं, आंगावरची घोंगडी घातली. त्यो सारखं इचारायचा, कुनी येतंय का. ह्ये म्हनायचे, मी आलोय की. खाली माणसं आनाया जावं म्हनून उठलं का हात धरायचा. सोडायचाच न्हाई. मग ह्ये बसलेच. दुपारपतुर व्हता."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनीच न्हाई सांगू दिलं. म्हनले, पावण्याला म्याच सांगीन, मला त्यांना एक इचारायचं हाय. त्यांना समदा येळेचा हिशोब येतो. मी पळत खाली गेलो आसतो तर वाचला आसता का पोरगा? बसलो ते चुकलं का माझं?" ती पुन्हा तांदळाकडे वळली. "झोपंत बी त्येच म्हनायचे. तू घरी आला का म्हनायचे, आज इचारतो. तू गेला का गप पडून ऱ्हायाचे."

दाजी, मी ओट्याच्या पायरीवर बसलो. तुम्ही मला धरायला येत नव्हता. तुमच्या पाठीवर तुमचं ओझं होतं, आणि ते माझ्यापाशी उतरवायला येत होता, कारण सगळ्या गणगोतात वेळेचा आणि अंतराचा हिशोब करणारा मीच एक. तिन्ही वेळा मी फक्त माझं वाचवत होतो. ज्याची चूक त्याला झोप येत होती, आणि ज्यानं त्या पोराचा हात सोडला नाही तो स्वतःला दोष देत झिजला.

दुसऱ्या दिवशी मी संगमनेरला फोन केला. अक्कानं सांगितलं तसं सगळं सांगितलं. त्याचा अर्थही सांगितला: तुमचा मुलगा तिसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होता, आणि मी तो रकाना पाहिला असता तर दुसऱ्या दिवशीच माणसं पोहोचली असती. पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. फोन तुटला असं वाटून मी "हॅलो" म्हणालो.

"आहे मी," ते म्हणाले. "ते शेवटपर्यंत बसले होते?"

"हो. हात धरून."

"त्यांना सांगा..." ते थांबले. तुम्ही नाही हे त्यांना आठवलं असावं. तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. "त्यांना सांगा, बसले ते फार चांगलं केलं. ते धावले असते तर माझा मुलगा एकटा गेला असता. इतकी वर्षं मला वाटत होतं तो एकटाच गेला."

मग म्हणाले, "तुमचं काय करायचं ते मला आज सांगता येणार नाही. वेळ लागेल." मी म्हणालो, बरोबर आहे. तो कागद आणि माझा लेखी जबाब मी सोमवारी ऑफिसात दिला. आता व्हायचं ते होईल.

त्यांनी सांगितलेलं तुम्हाला सांगितलं. आता तुम्ही मला जे विचारणार होतात, ते. मी काल कागद घेऊन बसलो आणि हिशोब मांडला. अक्काच्या सांगण्याप्रमाणे तुम्ही नऊच्या सुमारास त्याच्याजवळ पोहोचलात. तो दीड-दोनला गेला. ओल्या उतारावरून फोनपर्यंत तुमच्या पायांनीसुद्धा अडीच तास. माणसं गोळा करून, डोली घेऊन परत वर यायला चार तास, आणि तेही ढग वर गेले असते तर. तुम्ही कितीही पळाला असता तरी परत येईपर्यंत तो गेलेला असता. दोनदा तपासलं, दाजी. तुमचं काही चुकलं नाही. उशीर झाला होता तो तुम्ही डोंगर चढायच्या आधीच, आदल्या दिवशी सकाळी, फोनवर, मी न बघता म्हटलेल्या एका 'हो'नं.